जरा फ्रेमबाहेर व्हा म्हणणाऱ्यांना

मला वयाच्या नवव्या वर्षी पावडर फासून बाबासाहेब केलं होतं. चौदा एप्रिलची मिरवणूक, ट्रकवर जिवंत देखावा. कोट मामाचा, उसवून आत घेतलेला, खांद्यात वर्तमानपत्र कोंबलेलं. चष्म्याला काचा नव्हत्या. उजवा हात वर, बोट पुढं. तीन तास हात वर राहणार कसा, म्हणून मंडळातल्या एका काकांनी बाहीच्या आतून बांबूची कामटी सरकवली आणि दंडाला सुतळीनं बांधली. "हलायचं न्हाय बाळा. तू आता पुतळा हायस." आणि वरून पावडरचा डबा तोंडावर उपडा केला. मी काळा. आमच्या घरात सगळेच काळे. काका म्हणाले, "बाबासाहेब गोरे व्हते." ट्रक हायवेच्या कडेनं निघाला, ऊन डोक्यावर आलं, पावडरीचे ओघळ झाले, आणि आमच्या रमाबाई नगरातल्या बायाबापड्या त्या ओघळलेल्या पोराला हात जोडत राहिल्या.

मला ती कामटी अजून टोचते. हात जोडणाऱ्या बायाही आठवतात. दोन्ही एकदम आठवतं हा माझा घोळ आहे, आणि हे सगळं मी त्या घोळातूनच लिहितोय. ज्यांना स्वच्छ, धुतलेलं, इस्त्री केलेलं मत पाहिजे त्यांनी पान उलटावं.

भिंतीवरचं चित्र घ्यायचं, त्यात जिवंत माणूस उभा करायचा, घरी शिवलेले कपडे, पुठ्ठ्याचं सामान, आणि 'हलू नको' म्हणायचं. दोस्तांनो, हे आपण जन्मापासून करत आलोय. १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पहिली भीमजयंती केली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे फिरत होते. उसने कपडे, चार कलावंत, आणि समोर अख्खी वस्ती. ज्यांच्याकडं छापखाना नव्हता, थेटर नव्हतं, त्यांनी अंगावरच छापलं. आता तेच कुणी गॅलरीत केलं तर त्याला फोटो-परफॉर्मन्स म्हणतात, समोर वाइनचे ग्लास फिरतात. आम्ही ट्रकवर केलं की 'यांच्या मिरवणुकीमुळं ट्राफिक जाम.'

पण गॅलरीवाल्यांवर मी नंतर येतो. आधी असल्फ्याला जाऊ. घाटकोपरच्या दुसऱ्या अंगाला, पश्चिमेला.

असल्फ्याची टेकडी मेट्रोतून दिसते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली आणि जी वस्ती आजवर फक्त तिथं राहणाऱ्यांना ठाऊक होती ती एसी डब्यातल्या काचेत रोज दिसायला लागली. ते दिसणं कुणाला तरी खुपलं असावं. २०१७ च्या डिसेंबरात 'चल रंग दे' नावाच्या उपक्रमात स्वयंसेवक आले आणि टेकडीवरच्या भिंती रंगवल्या. पिवळ्या, गुलाबी, जांभळ्या. काही भिंतींवर चित्रं. पेपरांनी लिहिलं, मुंबईत इटली अवतरली. कुठलंसं पोसितानो नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, म्हणे तसं दिसतं.

माझी मावशी त्या टेकडीवर राहते. तिला रंग आवडला होता. खोटं कशाला बोलू? आयुष्यात पहिल्यांदा तिच्या भिंतीला कुणी फुकट रंग दिला होता आणि पोरं गोड बोलून गेली होती. सून म्हणाली, आता रिक्षावाल्याला पत्ता सांगायला बरं पडतं. रंग देणाऱ्या पोरांच्या मनात काळंबेरं होतं असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो की रंग मेट्रोच्या बाजूनं दिला गेला. जिथून बघायचं तिथून. आतली भिंत पावसात पाझरायची तशीच पाझरते. घाटकोपरच्या उतारांवर दरड म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. जुलै २००० मध्ये एका दरडीखाली साठाहून जास्त माणसं गेली. दरडीला रंग दिसत नाही.

मग फोटोवाले आले. कॉलेजची पोरंपोरी, प्री-वेडिंगवाले, कपड्यांच्या जाहिरातवाले. एका रविवारी मी मावशीकडं बसलो होतो. बाहेर एक जोडपं, सोबत कॅमेरावाला, एक पोरगा हातात चांदीचा कागद लावलेला पुठ्ठा धरून उजेड पाडतोय. नवरीनं नऊवारी नेसली होती, भाड्याची, आणि डोक्यावर एक रिकामी पाटी घेतली होती. कोळीण की मजूरबाई की काय व्हायचं होतं देव जाणे. मावशी पाण्याची बादली घेऊन दारात आली. कॅमेरावाला म्हणाला, "आंटी, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय."

मावशी बाजूला झाली. स्वतःच्या दारातून. वर "सॉरी" म्हणाली.

मला राग आला तो कॅमेरावाल्याचा नाही. त्याचं पोट त्याच्यावर आहे. राग आला तो त्या भाड्याच्या नऊवारीचा. जी बाई रोज डोक्यावर भार घेऊन ती टेकडी चढते ती फ्रेममध्ये नको, आणि तिच्यासारखी दिसायला जिनं पैसे मोजले ती पाहिजे. आपल्या भिंती चालतात, आपले कपडे चालतात, आपली पाटी चालते. आपण तेवढे चालत नाही. मी मावशीला म्हटलं, "तू का सॉरी म्हणालीस?" ती म्हणाली, "अरं, त्यांचं लगीन हाय. कशाला इघ्न?"

आता गॅलरीवाल्यांकडं येतो, कारण सगळे एकाच पोत्यातले नाहीत.

बंगळूरच्या पुष्पमाला एन. या कलावतीनं २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी या फोटोग्राफर बाईबरोबर एक मालिका केली. जुनी गाजलेली चित्रं, सिनेमाची दृश्यं, पेपरातले फोटो घ्यायचे. पडदे रंगवायचे, कपडे शिवायचे, दागिने-सामान जमवायचं आणि स्वतः त्यात उभं राहायचं. त्यात रविवर्म्याची लक्ष्मी आहे. आणि इंग्रजांनी आदिवासी बायकांना चौकटींच्या पडद्यासमोर उभं करून, जनावरं मोजावी तशी मापं घेत काढलेल्या फोटोंची नक्कलही आहे. पुष्पमालाबाई लक्ष्मी होऊन उभ्या राहिल्या की आपल्याला पहिल्यांदा दिसतं की लक्ष्मी आकाशातून पडलेली नाही, तिला कुणीतरी उभं केलंय, साडी नेसवलीय, उजेड पाडलाय. मला हे काम पटतं.

आणि ही लक्ष्मी कुठं छापली जायची ठाऊक आहे? रविवर्म्यानं आपला शिळाप्रेस १८९४ साली घाटकोपरात काढला. पुढं १८९९ मध्ये तो मळवलीला, लोणावळ्याजवळ गेला. म्हणजे ज्या देवादिकांच्या रंगीत तसबिरी घराघरांत, दुकानांत, चाळींच्या दारावर लागल्या, त्यांची सुरुवात आपल्या घाटकोपरातली. देवळात ज्यांना पाय ठेवू देत नव्हते त्यांच्या घरातही देव कागदावरून घुसला तो ह्या रस्त्यानं. आणि एक लक्षात घ्या, त्या तसबिरीसाठी जी बाई तासन्‌तास उभी राहिली असेल तिचं नाव तसबिरीखाली नाही. फ्रेममध्ये होती, तरी नव्हती.

विलायतेतला निक स्टर्न नावाचा एक फोटोग्राफर आहे. त्यानं बँक्सी या नाव लपवून भिंती रंगवणाऱ्या चित्रकाराची चित्रं घेतली आणि तीच खरी माणसं उभी करून, कपडे आणि सामान जुळवून फोटोत पुन्हा मांडली. भिंतीवर जे काळ्या ठशाचं असतं ते रस्त्यावर हाडामासाचं केलं की त्याचा अर्थ हलतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अमेरिकेतल्या गेटी म्युझियमनं लोकांना सांगितलं, घरात जे असेल ते वापरून आमच्याकडची चित्रं करून दाखवा. लोकांनी चादरी गुंडाळल्या, टॉयलेट पेपरच्या कॉलर केल्या, मजा आली. आपल्याकडं त्याच महिन्यांत माणसं रेल्वेच्या रुळांवरून चालत गावी जात होती. त्या चित्राची कुणी घरात नक्कल करून दाखवली नाही.

तर गेल्या वर्षी आम्ही ठरवलं, आपण आपल्या भिंतीचं करायचं.

भिंत म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली. तिच्यावर एका पेंटरकाकांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी चवदार तळं काढलं होतं. हे पेंटरकाका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला आणि त्यांचा ब्रश वाळला. आता रमाबाई नगराचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि एसआरए मिळून करताहेत, ठाण्याकडं जाणारा वरचा रस्ताही वस्तीच्या कडेनं जायचाय. घरं रिकामी व्हायला लागली. घराला घर मिळेल असा कागद आहे. भिंतीवरच्या चित्राला कागद नाही. मोजणीवाले आले त्यांनी चित्रावरच, बाबासाहेबांच्या खांद्याजवळ, आकडा टाकला.

तेव्हा सात-आठ जण बसलो. एकाचा हप्त्यावर घेतलेला मोबाइल, हाच कॅमेरा. कपडे भाड्यानं आणायचे नाहीत हे आधीच ठरलं. ते त्या नऊवारीमुळं. शिवणकाम करणाऱ्या दोन बायका गल्लीत आहेत, त्यांनी कोट शिवला. अस्तराचं कापड बाहेरून आणि जुनी चादर आतून. फेटे मांजरपाटाचे, चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केले. घटनेचं पुस्तक पुठ्ठ्याचं. ते तयार झाल्यावर एकाला सुचलं की तळ्याच्या सत्याग्रहाच्या वेळी घटना कुठली, ते १९२७! मग पुस्तक बाजूला ठेवलं. भिंतीवर मात्र होतं. पेंटरकाकांना विचारलं तर म्हणाले, "मंडळवाले बोलले, पुस्तक पायजे. म्या घातलं."

तळ्याचं पाणी कशाचं करायचं यावर दोन दिवस गेले. निळा कागद, निळी चादर, सगळं करून पाहिलं. शेवटी छपरावरची ताडपत्री उतरवली. उन्हात तिच्यावर सुरकुत्या पडतात त्या अगदी लाटांसारख्या दिसतात. मे महिना होता म्हणून जमलं, जूनमध्ये कुणी हात लावू दिला नसता.

माणसं कशी उभी करायची हे पेंटरकाकांनीच शिकवलं. लहान फोटोवरून मोठी भिंत करताना पेंटर फोटोवर बारीक चौकोन आखतो, तेवढेच मोठे चौकोन भिंतीवर आखतो आणि एकेक चौकोन उतरवत जातो. काकांनी खडूनं जमिनीवर चौकोन आखले. "तू ह्या घरात. तुझा गुडघा ह्या रेघेवर." मला इंग्रजांचा तो चौकटींचा पडदा आठवला. फरक एवढाच की इथं चौकोन आखणारा आमचा होता आणि मधेच बिडी ओढायला थांबत होता.

मग प्रश्न आला बाबासाहेब कोण.

सगळ्यांची नजर एका गोऱ्या पोराकडं गेली. माझीही गेली, हे लिहून ठेवतो. नऊ वर्षांचा मी, पावडरीनं ओघळलेला, आणि पंचविशी ओलांडल्यावर माझीच नजर गोऱ्याकडं! तेव्हा आमच्यातली एक पोरगी, रंग माझ्यासारखाच, म्हणाली, "भिंतीवर बाबासाहेब गोरे आहेत कारण पेंटरकडं पांढरा होता." काका हसले. म्हणाले, "खरं हाय पोरी. गोरं तोंड लवकर भरतं. सावळ्याला सावली द्यायला येळ लागतो. आन् मंडळवाल्यांस्नी गोरं आवडतं." च्यायला, पंचवीस वर्षं आम्ही ज्याला श्रद्धा समजत होतो ती अर्धी मजुरी होती.

कोट तिनंच घातला. एक ज्येष्ठ कार्यकर्ते तिथं खुर्ची टाकून बसले होते. ते उठले. "बाबासाहेबांना बाई करता?" ती म्हणाली, "बाई नाही करत काका. बाईनं कोट घातलाय." ते निघून गेले. चष्मा त्यांचाच होता. तो त्यांनी परत मागितला नाही, हेही सांगायला पाहिजे.

त्या काकांवर हसू नका. त्यांची भीती खोटी नाही. पुतळ्याला काय केलं की काय होतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण ज्यांना वाटतं कपडे बदलणं हा पोरखेळ, त्यांना मी महाडचीच आठवण देतो. १९२७ च्या डिसेंबरात, मनुस्मृती जाळल्यानंतर, बाबासाहेब महाडात बायकांशी बोलले. त्यांनी काय सांगितलं? लुगडं नीट, घोट्यापर्यंत नेसा. जात ओळखू यावी म्हणून अंगावर लादलेले ते गळ्यातले ढीग, हातातली ती कोपरापर्यंतची कांकणं टाकून द्या. आणि बायकांनी नेसणं बदललं. राजकारण अंगावरच्या कापडाला धरून चालतं हे आमच्या आज्यांना चांगलं कळत होतं.

पहिला फोटो निघाला तो भिकार होता. भिंतीवर जसं तसंच सगळं. आणि बघितलं तर शाळेतला फॅन्सी ड्रेस. मोबाइलवाला म्हणाला, उजेडाचा लफडा आहे, चित्रात ऊन दोन्ही बाजूंनी पडतं, खरं ऊन एकाच बाजूनं. ते होतंच. पण खरी भानगड मागच्या गर्दीची होती. भिंतीवर बाबासाहेबांच्या मागं जी हजारो माणसं आहेत ती जवळ जाऊन बघा. ठिपके आहेत. काळा ठिपका, वर पांढरा ठिपका, म्हणजे माणूस आणि फेटा. बाईचा ठिपका नाहीच. काकांना विचारलं. ते म्हणाले, "गर्दीला तोंडं काढत बसलो तर मजुरी परवडत न्हाय."

आम्ही फोटोत मागं निळं कापड लावून त्याच्यावर खडूचे ठिपके मारले होते. हुबेहूब! अक्कल बघा. असल्फ्यात मावशीला बाजूला करणाऱ्याला शिव्या घालणारे आम्ही, स्वतःच्या फोटोत स्वतःच्या माणसांचे ठिपके करत होतो. ते कापड काढलं. गल्लीत हाक मारली, ज्यांना महाडला यायचंय त्यांनी या. चाळीसेक माणसं आली. जास्त बायका, कारण दुपार होती.

माझं म्हणणं एवढ्यापाशीच येऊन थांबतं. भिंतीवरचं चित्र जशाच्या तसं अंगावर घेतलं तर आपण दुसऱ्यांदा पुतळे होतो. चित्रात ज्यांना पैसे कमी पडले म्हणून, वेळ नव्हता म्हणून, किंवा कुणी सांगितलंच नाही म्हणून तोंड मिळालं नाही, त्यांना उभं करायला हे सगळं करायचं. नाहीतर करू नका. घरी झोपा.

दोन चित्रं आम्ही केली नाहीत. तीही सांगतो.

एक गाडगं आणि खराट्याचं. पेशवाईत आमच्या गळ्यात गाडगं, कमरेला खराटा. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलना'त ते लिहून ठेवलंय. नागपूरच्या सवी सावरकरांनी ते असं काढलंय की बघणाऱ्याला नजर खाली घ्यावी लागते. आपल्या चित्ररथावर दरवर्षी कुणीतरी पोरगं ते घालून उभं असतं. आम्हीही मडकं आणलं, गळ्यात अडकवायला काथ्या ओवला. ज्याला घालायचं होतं तो पोरगा म्हणाला, "मी नाय घालणार." का? "माझा बाप रोज सकाळी सहाला खराटा घेऊनच ड्युटीवर जातो. त्याला कॉस्च्युम लागत नाय." बोलणं संपलं. मडक्यात आता कुणाकडं तरी प्यायचं पाणी आहे. मी असं म्हणत नाही की ते चित्र कुणीच करू नये. ज्यांनी ते गाडगं बांधायला लावलं त्यांच्या नातवंडांनी एकदा गळ्यात घालून फोटो काढावा, मी कॅमेरा धरीन.

दुसरं अकरा जुलैचं. ११ जुलै १९९७ ला सकाळी पुतळ्याला चपलांचा हार दिसला, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. टँकर पेटवणार होते म्हणून गोळ्या घातल्या अशी गोष्ट सांगितली गेली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं गोळीबाराचं समर्थन केलं नाही. २००९ मध्ये सत्र न्यायालयानं एका पोलिस अधिकाऱ्याला जन्मठेप दिली, पुढं ती शिक्षा स्थगित झाली. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडच्या झोपडीत शाहीर विलास घोगरेंनी फास घेतला. आयुष्यभर लाल झेंड्याची गाणी गाणाऱ्या त्या माणसानं जाताना डोक्याला निळं फडकं बांधलं होतं. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' तिथून सुरू होतो. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी आधी तो बघा, मग माझ्याशी भांडा.

आम्हाला वाटलं, हेही करावं. लाल रंगही आणला होता. स्मारकाजवळ वस्तीतली एक आजी बसते, तिला विचारायला गेलो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "कोन पडनार?" आम्ही म्हणालो, आमच्यातलेच, जमिनीवर, हलायचं नाही फक्त. ती म्हणाली, "उभं ऱ्हावा किती बी येळ. पडू नका बाबांनो. पडल्याले आमी बगितल्यात." आम्ही लाल रंगाचा डबा परत दिला. दुकानदारानं पैसे परत दिले नाहीत, त्याबदली निळा दिला.

आता आपल्यातल्याच हुशारांचे प्रश्न. एक मित्र म्हणतो, एवढी मेहनत कशाला, एआयला सांग, दोन मिनिटांत चवदार तळं काढून देईल. काढतं ना! व्हॉट्सअॅपवर दर एप्रिलला फिरतात ती चित्रं. दंडाच्या बेटकुळ्या फुगलेले, गोरेपान, सिनेमातल्या हिरोसारखे बाबासाहेब. मधुमेहानं पोखरलेला, रात्र रात्र वाचणारा, जाड भिंगांचा तो माणूस त्या चित्रात कुठंय? आणि मागची गर्दी नीट बघा. तोंडं वितळलेली, एकात एक घुसलेली. पेंटरकाकांना मजुरी परवडत नव्हती. मशीनला काय परवडत नाही?

फ्लेक्सबद्दल तर बोलायलाच नको. बाबासाहेब कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि मधे गॉगल घातलेला भाऊ, खाली चाळीस शुभेच्छुक. ते चाळीस म्हणजेच हल्लीची गर्दी. त्यांना तोंड आहे, कारण त्यांनी वर्गणी दिली.

दुसरा प्रश्न जास्त खरा. आमच्या गल्लीतल्या एका दादानं विचारला. "फोटोनं घर मिळंल का?" नाही मिळणार, दादा. घरासाठी कागद, सही, मोर्चा, वकील, जे लागतं ते लागतंच, आणि ते सोडून जो फोटो काढत बसेल तो आमचा नाही. पण घर मिळाल्यावर बाविसाव्या मजल्यावरच्या पांढऱ्या भिंतीवर तुम्ही काय लावणार? बिल्डरनं दिलेलं कॅलेंडर? लिफ्टमध्ये शेजारचा विचारील, इथं आधी काय होतं, तेव्हा तुमच्या पोराच्या हातात काहीतरी पाहिजे. दादा म्हणाला, "बावीस मजले? लिफ्ट बंद पडली म्हंजे?" तो प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा मोठा होता, मी गप्प बसलो.

मुलुंडच्या, बोरिवलीच्या, अंधेरीच्या पोरांना सांगतो, तुमच्याकडंही भिंती आहेत. गोवऱ्या थापणारी रमाई आहे, फळ्यापाशी सावित्रीबाई आहे. पाडापाडी तुमच्याकडंही येणार. रमाईचं चित्र कराल तेव्हा शेणाच्या ऐवजी चॉकलेटी रंगाची कणीक घेऊ नका, बघितलंय मी एका ठिकाणी. शेण आणा, हात घाला. आणि ज्यानं भिंत रंगवली तो पेंटर जिवंत असेल तर त्याला शोधा, त्याला चहा पाजा, त्याचं नाव फोटोखाली लिहा. आमच्या काकांनी भिंतीवर कधी सही केली नव्हती. "सही केली तर मंडळवाले पैशे कापतील," म्हणाले. फोटोखाली त्यांनी स्वतःच्या हातानं ब्रशनं नाव लिहिलं. ते नाव इथं छापत नाही, कारण ते म्हणाले, "फोटोत बास हाय."

शेवटचा फोटो निघाला त्या दिवशी मावशी असल्फ्याहून आली होती. रविवार. तिला म्हटलं, तूही उभी राहा, महाडला चल. तिच्या हातात आमच्याच घरातली बादली होती, लाल प्लास्टिकची, नळाला पाणी आलं म्हणून भरायला निघालेली. काकांनी तिला एका चौकोनात उभं केलं, तिसऱ्या ओळीत. मोबाइलवाला ओरडला, "मावशी, बादली खाली ठेवा, सत्तावीस साली प्लास्टिक नव्हतं!"

मावशी म्हणाली, "आन् तुजी ती ताडपत्री व्हती व्हय?"

बादली राहिली. फोटोत कोट घातलेली आमची पोरगी ओंजळीत पाणी धरून वाकलीय. पाणी खरं आहे, त्याच बादलीतलं. मागं चाळीस माणसं, त्यातली दोन हलली म्हणून पुसट आली, एक पोरगं जांभई देतंय. मावशी थेट कॅमेऱ्यात बघतेय.

फोटो आम्ही गल्लीत कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी लावले. पाच दिवस होते. पावसाळ्याच्या तोंडावर ताडपत्री परत छपरावर गेली. भिंत दिवाळीनंतर पडली.